कापणीपुरती वाट

भात पिकायला लागलं की आमच्या वडिवळ्याची हवा पालटते. सकाळी दव असतं तोवर भातखाचरातून ओला, दुधासारखा वास येतो. ऊन चढलं की तोच वास खरपूस होतो, चुलीवर काहीतरी भाजत ठेवल्यासारखा. लोंब्या खाली वाकतात, एकमेकींना घासतात, आणि बांधावर उभं राहिलं की वाटतं, कुणीतरी नवं लुगडं नेसून जवळून चाललंय. या दिवसांत माझी सून मनीषा दरवर्षी एकच सांगते. यंदाही म्हणाली, "आबा, कापणीवर लिहा ना. लोक वाट बघतात."

मी म्हणालो, "यंदा कापणीवर न्हाई लिवणार. यंदा गेटावर."

मनीषा कामशेतला शाळेत शिकवते, त्यामुळे कुठं गप्प बसायचं ते तिला कळतं.

हा ब्लॉग तिनंच मला काढून दिला. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा आवणीचे, म्हणजे भात लावायचे, आणि कापणीचे दिवस सोडून. पण वाचायचं मी कधी सोडलं नाही. टपरीवर आलेलं वर्तमानपत्र माझ्या हातातून सुटल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, हे गावाला ठाऊक आहे. फोनपुढं नुसतं बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, हेही मनीषानं दाखवलं होतं. मी नको म्हणालो. बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणून तर माणूस लिहायला बसतो. तेच वारं मी परत फोनात कशाला भरू? मी एका बोटानं लिहितो. वेळ लागतो. लागू दे. भातालाही लागतो.

ब्लॉगात तिनं दोन कप्पे केलेत. एक 'आठवणी', दुसरा 'परखड'. काही लिहिलं की ते कुठल्या कप्प्यात जाणार हे आधी ठरवावं लागतं. 'आठवणी'त बैलांवर लिहिलं, आईच्या चुलीवर लिहिलं, कातळावरच्या खेकड्यांवर लिहिलं, की पुण्यामुंबईची, पार परदेशातली माणसं खाली लिहितात, 'किती गोड आजोबा'. 'परखड'मध्ये मी उर्से टोलनाक्याच्या रांगेवर लिहिलं, शनिवार-रविवारी लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाड्यांनी आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्ता ओलांडता येत नाही त्यावर लिहिलं. तिथं शुकशुकाट. एकानं तर लिहिलं, 'आजोबा, हे विषय बाकीचे लिहितात. तुम्ही बैलांचं लिहा.'

मला गोड म्हटलेलं सोसत नाही. चौथी शिकलेल्या माणसानं आठवण सांगावी, मत सांगू नये, असं या लोकांना कुणी शिकवलं? आम्ही काय फक्त वासाचे धनी? म्हणून यंदा मी ठरवलं होतं. आठवण बंद. मत.

आणि मत द्यायला गेटाएवढं मोठं कारण दुसरं नव्हतं.

आमची खाचरं ओढ्याच्या कुशीत आहेत. एका अंगाला ओढा, तो कापणीपर्यंत भरलेला. दुसऱ्या अंगाला चढ, तिथून भारा आणायचा तर मान मोडेल. मागं डोंगर. गावाकडं यायला एकच बाजू, आणि त्या बाजूला आडवं पडलेलं पुढचं खाचर, बबनचं. बबन म्हणजे माझ्याबरोबर शेरडं राखून मोठा झालेला माणूस. आमची आणि आणखी काही घरांची खाचरं त्याच्या मागं. आमचा सगळा भात बबनच्या खाचरातून बाहेर निघतो.

पण तिथं वाट नाही. हे शहरातल्या माणसाला समजावताना माझं तोंड दुखतं. पावसाळाभर तिथं पाणी आणि पीक. चालायला नुसता बांध, तोही वीतभर. ओल्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन गेलं की बांध खचतो नाहीतर माणूस. वाट उगवते ती पुढचं खाचर कापल्यावर. रान मोकळं झालं की धसकटांवरून भारे जायला लागतात, चार दिवसांत पायांनी पांढरी रेघ पडते. मळणी उरकेस्तोवर ती रेघ असते. पुढच्या पावसात पुन्हा पाणी, पुन्हा पीक, पुन्हा काही नाही.

आणि ही वाट आपोआप उगवत नव्हती. पुढच्या खाचरात नेहमी हळवं भात लावायचं, म्हणजे लवकर पिकणारं. मागच्यांनी गरवं लावायचं, उशिरा येणारं. पुढचं आधी कापलं जाणार, मागच्यांना वाट होणार. असं कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही. हळवं उताऱ्याला कमी आणि खायला जाडं. गरवं म्हणजे आंबेमोहोर, शिजला की शेजारच्या घरात कळायचं. बबनच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या खाचरात जाडं हळवं लावलं, आमच्या घरांतून आंबेमोहोराचा वास निघावा म्हणून. लहानपणी तो आमच्याकडं जेवायला बसला की आधी नुसता भात खायचा, कालवण न घेता. आई त्याला दुसऱ्यांदा वाढायची, न विचारता.

गेल्या साली कापणी उरकल्यावर बबनच्या पोरांनी पुढचं खाचर विकलं. घेणारे साहेब मुंबईचे, माणूस वाईट नाही. त्यांनी भिंत घातली, बंगला बांधला, हिरवळ लावली, आणि पुढं मागं एकेक लोखंडी गेट बसवलं. दोन्ही गेटांना कुलूप, आणि कुलपाला वॉचमन. आमच्या बाजूनं बघितलं की आधी भिंत दिसते, मग तिच्यावरून गावातल्या देवळाचा कळस.

भात पिकत आलं तशी आम्ही चार म्हातारी माणसं तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उघडला, चष्मा लावला, बोट फिरवलं. म्हणाले, "आजोबा, इथं वाट नाहीच."

मी म्हणालो, "आत्ता न्हाईच. कापणीत आसती."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी गोड बोललोय.

त्या संध्याकाळी मी 'परखड'मध्ये लेख टाकला. त्यात 'प्रशासन' होतं, 'अतिक्रमण' होतं, 'वहिवाटीचा हक्क' होता, वर्तमानपत्रातून शिकलेले सगळे शब्द होते. 'पुढच्या खाचराच्या मालकानं गावाची वाट विकली' असंही एक वाक्य होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मुंबईच्या साहेबांनी तो लेख वाचला नाही. कचेरीतल्या साहेबांनीही नाही. वाचला तो एकट्या बबननं, म्हणजे त्याच्या नातवानं त्याला वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर बबन बाकड्यावर बसलेला. नेहमी सरकून जागा देतो. त्या दिवशी सरकला नाही.

"आला का वकील," तो म्हणाला.

"वकील न्हाई. शेजारी."

"शेजारी तोंडावर बोलतो. जगाला लिवून न्हाई दावत."

"तुजं नाव घेतलं का मी?"

"नाव कशाला घ्यायला पायजे? पुढचं खाचर म्हणलं की गावातलं कुत्रं बी माज्या दाराकडं बघतंय."

टपरीवाल्यानं गाळणी तशीच हातात धरली. मीही मागं हटलो नाही, मला हटता येत नाही. म्हणालो, "खोटं काय लिवलंय ते सांग."

"इकलं ते माजं व्हतं."

"रान तुजं व्हतं. वाट?"

"वाट कुटं हाय? दाव की. कागुद दाव." चहा अर्धा टाकून तो उठला. जाताना म्हणाला, "लय शिकलास तू."

कचेरीतल्या साहेबांनी जे विचारलं तेच त्यानं विचारलं. साहेबांचं मला काही वाटलं नाही. साहेब ती वाट कधी चालले नव्हते. बबन चालला होता, माझ्या पुढं, डोक्यावर माझ्याच घरचा भारा घेऊन.

मग दिवस जायला लागले, आणि हे दिवस जाऊन चालत नाही. इंद्रायणी, म्हणजे हल्ली आंबेमोहोराच्या जागी लावतो ती भाताची जात, पिवळी झाली, पिवळ्याची सोनेरी झाली. लोंबी हातात घेऊन चोळली की दाणा चटकन सुटायला लागला. म्हणजे आता वारं आलं की तो शेतातच झडणार. पवना धरणाच्या अंगाला दुपारी ढग जमायचे, काळे नाहीत, पण राखाडी, विचार करत थांबल्यासारखे. मी दिवसातून किती वेळा बांधावर जात होतो कुणास ठाऊक. भिंतीपलीकडं हिरवळीवर पाणी उडवायचं यंत्र फिरायचं, चिक चिक चिक. इकडं आम्ही पाणी पडू नये म्हणून आभाळाकडं बघत उभे, तिकडं कुणीही नसताना पाऊस चालू.

मनीषा म्हणाली, "आबा, दुसरा लेख टाकू या का? वकिलांना विचारून, कलमं घालून?"

मी लिहायला बसलो. पण कलमाऐवजी बोटातून दुसरंच यायला लागलं.

एक साल असंच होतं. मी तेव्हा भारा उचलण्याएवढा झालो होतो, पण जेमतेम. त्या साली बबनच्या घरची हळव्याची रोपं राबातच, लावणीच्या आधी, कुजून गेली, सगळी. मग त्यांनी आमच्याकडची उरलेली गरव्याची रोपं नेली आणि पुढच्या खाचरात लावली, उशिरा. पीक चांगलं आलं. पहिल्यांदाच त्यांच्या खाचरात आंबेमोहोर डोलला. बबनचा बाप, आम्ही त्याला तात्या म्हणायचो, संध्याकाळी येऊन नुसता बांधावर बसायचा, वास घेत.

आमचं मागचं आधी पिकलं, त्यांचं पुढचं मागं राहिलं. आमचा दाणा पक्का, त्यांचा अजून दुधात. आणि आभाळ फिरलं. वारं समुद्राकडून यायला लागलं, गुरं दावी ओढायला लागली. माझा बाप तापानं अंथरुणाला. आई उंबऱ्यात उभी राहून खाचराकडं बघत होती. तिच्या ओठांवर तात्याकडं जायचं येत होतं आणि मागं फिरत होतं. काय म्हणून जायचं? तुमचं कच्चं कापा, आमचं पक्कं निघू दे, असं?

मागायला कुणी गेलं नाही. आम्ही सकाळी उठलो तर पुढच्या खाचरात विळे चालल्याचा आवाज येत होता, तात्यानं कच्चं कापायला घेतलं होतं. कच्च्या भाताचा आवाज वेगळा असतो, ओला, गवत कापल्यासारखा. दुपारपर्यंत मोकळी पट्टी दिसायला लागली. मग गावातली माणसं आली, कुणी बोलावलं नाही तरी आली. आमचे भारे त्या पट्टीवरून निघाले. पहिला भारा पुढच्या खाचराच्या घरातल्यानं डोक्यावर घ्यायचा, ही रीत. तो गेला की वाट झाली. त्या दिवशी बबननं घेतला. भाऱ्याखालची चुंबळ त्याच्या डोक्यापेक्षा मोठी होती. मी त्याच्या मागं. मानेत कुसळं जात होती, घाम त्यांच्यावरून वाहत होता, पायाखाली हिरवी धसकटं चुरत होती आणि त्यातून पांढरा चीक निघत होता. तो वास माझ्या नाकातून आजवर गेलेला नाही. शेवटचा भारा खळ्यावर पडला आणि पाऊस आला.

एवढं लिहून मी थांबलो. कागद दाव, असं बबन म्हणाला होता. हा माझा कागद. पण तो बबनच्या बापाचा होता, आणि बापाचं हे वाचून लोक पोराला काय म्हणणार ते मला कळत होतं. बापानं कच्चं कापून वाट दिली, पोरानं विकली. माझ्या 'परखड' लेखात जे वाक्य होतं, त्यापेक्षा हे जास्त लागलं असतं.

मनीषानं वाचलं. वाचताना तिनं दोनदा फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "आबा, बबनकाकांनी हे वाचलं तर?"

"आधी त्यालाच वाचून दावणार."

"आणि टाकू नका म्हणाले तर?"

त्याच्या बापाची गोष्ट त्याला न विचारता जगापुढं मांडणं म्हणजे पीक उभं असताना त्याच्या खाचरातून भारा नेणं. आणि न मांडावी, तर वाट कुठंच उरत नव्हती. जमिनीवर नाही, नकाशात नाही, कुणाच्या तोंडात नाही.

दुपारी बबनच्या ओटीवर गेलो. तो वालाच्या शेंगा सोलत बसला होता. बस म्हणाला नाही, ऊठही म्हणाला नाही. मी बसलो आणि वाचायला लागलो. माझं वाचणं सरळ नाही, अडखळतं. मध्येच बबनचे हात थांबले. मी वर बघितलं नाही.

संपलं. एक कोंबडी ओटीवर चढली, तिलाही त्यानं हाकललं नाही.

"चुकलंय," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"बा न्हवता. बा कापायला तयारच न्हवता. आयनं कापलं." त्यानं एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "तांबडं फुटायला विळा घिऊन एकटी गेली. बा बांधावनं वरडत व्हता, कच्चं हाय गं, कच्चं हाय. ती मागं बघंना. निम्मं कापल्यावर मग त्यानं बी विळा घेतला. तू आलास भारं उचलायला. तुला काय दिसणार?"

इतकी सालं मी ती गोष्ट तात्याच्या नावावर ठेवली होती.

"मग त्या साली तुमी खाल्लं काय?" मी विचारलं. हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

"कण्या. कच्चा दाना, कांडला की पीठ. वरीसभर कण्या." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "आंबेमोहोराच्या व्हत्या पण. वास लय भारी."

मीही हसलो, पण नीट नाही.

"टाकू का नको?" मी विचारलं.

"आयचं नाव घाल," तो म्हणाला. "ठकूबाई. तिचं नाव कुटं लिवल्यालं न्हाई. रानावर बी न्हवतं."

मग त्यानं नातवाला हाक मारून फोन लावायला सांगितला. मुंबईच्या साहेबांशी आजवर पोरंच बोलली होती. बबननं फोन कानाला दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, बबन बोलतुया. ज्याचं रान घेतलंत त्यो. कापणी आलीया, दोनी गेटं उगडा... न्हाई, ऐका. रान मी इकलं. वाट न्हाई इकली. ती माजी न्हवतीच, इकणार कशी?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. साहेब म्हणाले, मला हे कुणी सांगितलंच नाही. ते खरंच होतं. मग म्हणाले, ठीक आहे, वॉचमनला सांगतो, यंदाच्या वर्षी जाऊ द्या. पुढचं पुढं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागचं खाचर कापायला धरलं. कामाला माणसं थोडी, बहुतेक पांढऱ्या केसांची, आणि पोरं सुट्टी काढून आलेली. मनीषानंही शाळेतून सुट्टी काढली होती. पहिला भारा बांधून झाला. मी वाकलो तर बबनचा हात मध्ये आला.

"रीत इसरला व्हय?"

"रान आता तुजं न्हाई."

"म्हणून काय झालं? उचलू लाग." या वयात त्याला भारा घेऊ द्यायला नको होता. पण त्याच्याशी वाद घालणारा मी कोण, आम्ही दोघं एकाच दगडातले. भारा त्याच्या डोक्यावर ठेवला. मान थरथरली, मग स्थिर झाली.

गेट उघडं होतं. वॉचमन पुढं आला. गरीब माणूस, त्याची नोकरी. म्हणाला, "बाबा, लॉनवरून नको. कडेनं फरशी आहे, तिच्यावरून जा."

बबन थांबला नाही. भाऱ्याखालून म्हणाला, "फरशीवनं न्हाई जात वाट. हितनं जाती."

आणि तो हिरवळीत शिरला. तिरका, डावीकडं जरा वळून, जिथं पूर्वी दगड होता तिथं वळसा घालून, दगड नसताना. मी त्याच्या मागं. कुसळं मानेत गेली. पाण्याचं यंत्र चिक चिक करत आमच्या पायांवर पाणी उडवत होतं. लोंब्यांतून दाणे झडत होते आणि हिरव्या गवतावर पिवळी रेघ पडत होती.

आता भात घरात आहे. काल मी हे सगळं पुन्हा लिहून काढलं, ठकूबाईचं नाव घालून. मनीषानं विचारलं, "आबा, कुठल्या कप्प्यात टाकू? आठवणीत ना?"

"परखडमधी."

"अहो, तिथं कुणी वाचत नाही. आणि ही तर सगळी आठवणच आहे."

"आठवण म्हणून टाकलं की लोकं गोड म्हणत्यात आन् फुडं जात्यात," मी म्हणालो. "ह्याला गोड न्हाई, उत्तर पायजे."

तिनं टाकलं. मी माझ्या डोळ्यांनी बघून घेतलं.

तर साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या हिरवळीवर अजून आमचे दाणे असतील. ते कुठून कुठं पडलेत ते जरा बघा. ती रेघ आहे तोवर नकाशावाल्यांना बोलावून दाखवा. 'यंदाच्या वर्षी' म्हणालात, ते मी ऐकलं आहे. ठकूबाईनं विळा घेतला तेव्हा ती यंदाच्या वर्षी म्हणाली नव्हती. पुढच्या साली लोंबी वाकली की मी आणि बबन तुमच्या गेटाशी येऊन उभे राहू. कुलूप असलं तरी भारा खाली ठेवणार नाही.